टीटीएल दोन दिवसांचा, मग झेडएसके डिलीट करायला साडेचोवीस दिवस का?

माळवी_पोहे (इंदूर)

नमस्कार मंडळी. डीएनएससेकच्या (डीएनएस उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत) किल्ल्या बदलतोय. बाइंड ९.१६ (डीएनएस सर्व्हर), इनलाइन सायनिंग (सर्व्हर स्वतःच सह्या करतो), अल्गोरिदम ८ (सहीचा प्रकार). प्रायमरी (मूळ सर्व्हर) इंदूरला, सेकंडरी (त्याची प्रत देणारा) वडोदऱ्याला. झोनमधला (डोमेनच्या नोंदींचा संच) सर्वांत मोठा टीटीएल (नोंद कॅशमध्ये ठेवायची मुदत) १७२८०० सेकंद, डीएनएसकी रेकॉर्डचा (यात सार्वजनिक किल्ल्या असतात) ३६००, एसओए नोंदीतला रिफ्रेश (सेकंडरीने नवी प्रत आहे का ते किती वेळाने बघायचं) ४३२००. सही-मुदतीच्या सेटिंगला हात लावलेला नाही.

जुनी झेडएसके (झोनमधल्या नोंदींवर सही करणारी किल्ली) १ जूनला इनअॅक्टिव्ह, ११ जूनला डिलीट. नवी झेडएसके ३१ मे रात्री १० ला पब्लिश, १ जूनला ०० वाजता अॅक्टिव्ह. डीएनएससेक-कव्हरेज (किल्ल्यांचं वेळापत्रक तपासणारं टूल) चालवलं: एल (किती काळ तपासायचं) ला ६ महिने, एम (सर्वांत मोठा टीटीएल) ला २ दिवस, डी (डीएनएसकीचा टीटीएल) ला १ तास. पहिल्या टप्प्यात इशारा आला की डिलीट इनअॅक्टिव्हनंतर निदान साडेचोवीस दिवसांनी हवी. दुसऱ्या टप्प्यात एरर: ऑक्टोबरातल्या एका तारखेनंतर एकही केएसके (डीएनएसकी संचावर सही करणारी मुख्य किल्ली) अॅक्टिव्ह नाही.

टीटीएल दोन दिवसांचा असताना हे साडेचोवीस कुठून आले? आणि नव्या झेडएसकेबद्दल टूल गप्प आहे, म्हणजे ती बाजू ठीक धरायची का?

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)

साडेचोवीस म्हणजे २ दिवस टीटीएल अधिक २२.५ दिवस रिसाइन इंटरव्हल (सही केल्यापासून ती नव्याने होईपर्यंतचा काळ). झेडएसके इनअॅक्टिव्ह झाली म्हणून तिच्या सह्या त्याच क्षणी पुसल्या जात नाहीत. ती नव्या सह्या करणं थांबवते, इतकंच. बाइंड ९.१६ मध्ये सहीची मुदत मुळात ३० दिवसांची असते आणि चौथा हिस्सा, म्हणजे ७.५ दिवस उरले की ती सही नव्याने केली जाते. त्यामुळे ३१ मेला केलेली जुनी सही २२ जूनपर्यंत झोनमध्ये आरामात नांदू शकते. ११ जूनला तुम्ही किल्ली काढलीत, तर १० तारखेला एखाद्या फॉरवर्डरने (मधल्या कॅश सर्व्हरने) कॅश केलेली सही १२ पर्यंत फिरत राहील, आणि त्याच्यामागे बसलेल्या व्हॅलिडेटरला (सह्या तपासणाऱ्या रिझॉल्वरला) ती पडताळायला किल्लीच मिळणार नाही. त्याचा निकाल सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी एरर. तोही सगळीकडे नाही, काही रिझॉल्वरांवर आणि काही नावांसाठीच, त्यामुळे शोधताना नाकी नऊ येतात.

हिशोब १ जून अधिक साडेचोवीस, म्हणजे २५ जून दुपारी १२. डिलीट ३० जूनला ठेवा. डीएनएससेक-सेटटाइमला (किल्लीच्या तारखा बदलणारी आज्ञा) कॅपिटल डी पर्यायाने तारीख द्या, मग आरएनडीसी (चालू सर्व्हरला आज्ञा द्यायचं टूल) लोडकीज. आरएनडीसी साइन नको, त्याने आख्खा झोन लगेच पुन्हा साइन होतो.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. सेटटाइम किल्लीच्या दोन्ही फाइली (डॉट-की आणि प्रायव्हेट) नव्याने लिहितं आणि प्रायव्हेट फाइलची परवानगी ०६०० (फक्त मालकापुरती) करतं. रूट म्हणून चालवलंत तर फाइलचा मालक कोण झाला ते बघा, नाहीतर नेमडीला (बाइंडच्या सर्व्हर प्रोग्रामला) ती वाचताच येत नाही. दुसरं, डॉट-की फाइलमधल्या अर्धविरामाने सुरू होणाऱ्या तारखा नुसत्या वाचायला आहेत. त्या हाताने बदलून काही होत नाही, खरी नोंद प्रायव्हेट फाइलमध्ये असते.

सहीची मुदत कमी करायचा विचार असेल (उदाहरणार्थ १० दिवस, २ दिवस आधी रिसाइन), तर टूलला आर (रिसाइन इंटरव्हल) पर्यायात ८ दिवस द्यावे लागतील. मात्र आधीच झालेल्या ३० दिवसांच्या सह्या त्याने लहान होत नाहीत. पहिल्या फेरीला २२.५ च धरा.

आता टूल जिथे गप्प बसलं ती जागा. पब्लिश ते अॅक्टिव्ह दोन तास, डीएनएसकी टीटीएल एक तास, म्हणून त्याच्या लेखी पास. सेकंडरीपर्यंत झोन पोचायला किती वेळ लागतो, हे त्याच्या गणितात नाहीच. नोटिफाय (‘झोन बदलला’ हा प्रायमरीचा निरोप) फायरवॉलमध्ये अडकला तर वडोदऱ्याची सेकंडरी रिफ्रेशची वाट बघत १२ तास जुना डीएनएसकी संच देत राहील. त्यावर कॅशचा एक तास. म्हणजे किमान १३ तास, आणि तुमच्याकडे आहेत दोन. माझ्या मते सगळ्या वेळापत्रकात धोकादायक हेच आहे, साडेचोवीसवाला इशारा त्यामानाने सौम्य. पब्लिश आठवडाभर आधी न्या, त्यात तोटा काही नाही.

खजराना_रूट (इंदूर)

वरच्यात भर. या सगळ्या वेळा यूटीसी आहेत. तुमचं ०० वाजता म्हणजे इंदूरला पहाटे साडेपाच. अॅक्टिव्ह ०५३०००, म्हणजे इथले सकाळचे ११ ठेवा, बिघडलं तर माणसं जागेवर असतील. आणि तारीख रंगपंचमीला येऊ देऊ नका. गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडून ऑफिस गाठून दाखवा भिया!

केएसकेची एरर खरी आहे. इनअॅक्टिव्ह तारीख दिली आहे, वारस नाही. कीजेनला (किल्ली बनवणारी आज्ञा) कॅपिटल एस देऊन वारस बनवता येतो: जुनीची इनअॅक्टिव्ह तारीख ती नवीची अॅक्टिव्ह, आणि पब्लिश त्याच्या ३० दिवस आधी. झेडएसकेला हे छान. केएसकेला जपून, कारण नवी तोवर डीएनएसकीत दिसते पण सही करत नाही. त्या काळात पॅरेंटकडचा (वरच्या झोनकडचा, उदा. डॉट-कॉम) जुना डीएस (तुमच्या केएसकेची ओळख पटवणारी नोंद) काढून नुसता नवा ठेवलात तर साखळी तुटली. म्हणून केएसकेला पब्लिश आणि अॅक्टिव्ह एकाच वेळी द्या, दोघींना सही करू द्या. वरचे १३ तास जाऊ द्या, मग नवा डीएस रजिस्ट्रारकडे. पॅरेंटच्या प्रत्येक नेमसर्व्हरला डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा) विचारून तो सगळीकडे दिसला की जुना डीएस काढा. तोही सगळीकडून गेला की डीएसचा टीटीएल संपेपर्यंत थांबा (डॉट-कॉमला ८६४००), आणि मगच जुनी केएसके इनअॅक्टिव्ह. कव्हरेज फक्त फाइली बघतं, डीएस बघत नाही. डीएस कुठेच नसला तरी ‘एरर नाही’ असंच म्हणेल.

एम पर्याय विसरू नका. झोन फाइलही दिली नाही तर ते एक आठवडा धरतं आणि साडेचोवीसचे साडेएकोणतीस होतात. कॅपिटल के म्हणजे फोल्डर, छोटा के म्हणजे फक्त केएसके तपास. यात गल्लत झाली तर झेडएसके तपासल्याच जात नाहीत.

माळवी_पोहे (इंदूर)

पब्लिश २५ मे केली, डिलीट ३० जून, आर २२.५ दिवसच ठेवला. झेडएसकेचा इशारा गेला. ९.१८ ला जायचं आहे, तिथे हे टूल दिसत नाही.

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)

नाहीच. पायथनची ती टूलं ९.१८ सोबत येत नाहीत. तिथे डीएनएससेक-पॉलिसी (किल्ल्यांचे नियम ठरवणारी सेटिंग) वापरा आणि आरएनडीसी डीएनएससेक -स्टेटसने अवस्था बघा. पॉलिसीला ‘डिफॉल्ट’ मात्र लावू नका. त्यात अल्गोरिदम १३ ची एकच सीएसके (केएसके आणि झेडएसके दोन्हींचं काम करणारी किल्ली) असते, तुमच्या ८ च्या जोडीशी जुळत नाही, म्हणून नेमडी लगेच रोलओव्हर सुरू करेल. स्वतःची पॉलिसी लिहा: अल्गोरिदम ८, लांबी आत्ता आहे तीच, आयुष्य सुरुवातीला अनलिमिटेड, आणि मॅक्स-झोन-टीटीएल २ दिवस, कारण मुळात तो २४ तासच धरला जातो. सुरू असलेला झेडएसके रोलओव्हर ३० जूनला पूर्ण होऊ द्या, मग स्थलांतर.