लहानपणीच्या चित्रांची सुरळी सापडली आहे, जपायची कशी? (आणि एक आडवळणाचा प्रश्न)

नमस्कार मंडळी,

विभाग चुकला असेल तर धागा हलवावा.

मागच्या आठवड्यात आईचं कपाट आवरताना जुन्या चादरींच्या मागे कागदांची एक जाडजूड सुरळी सापडली. वर रबरबँड होता. हात लावताच तुटला आणि त्याचे तुकडे कागदालाच चिकटून बसले. मला वाटलं जुनी कॅलेंडरं असतील. निघाली माझी चित्रं! वय वर्षं चार ते बारा. बसून मोजली, १४३ भरली. त्यात वहीची फाडलेली पानं आली, पाकिटांच्या मागच्या बाजू आल्या आणि एक चक्क खोक्याचं झाकणही आलं.

आईने ती ठेवली आहेत हेच मला माहीत नव्हतं. बऱ्याच चित्रांच्या पाठीमागे तिच्या अक्षरात तारीख आहे आणि चित्र दाखवताना मी काय बोलले तेही तिने जसंच्या तसं उतरवलंय. एका पानावर नुसत्या निळ्या रेघोट्या आहेत. मागे लिहिलंय: "हा वारा आहे. तो घरी चाललाय." ते वाचून मी बराच वेळ कपाटासमोर फरशीवरच बसून राहिले.

आता अवस्था सांगते. पोस्टर कलरची अकरा चित्रं आहेत. पहिलं उलगडायला गेले तर निळ्या रंगाचे पापुद्रे मांडीवर गळाले, म्हणून तिथेच थांबले. स्केचपेनची जी चित्रं तेव्हा भिंतीवर लावलेली होती त्यांतला गुलाबी जवळपास उडालाय. मेणाच्या खडूंवर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतंय. ती बुरशी आहे का? काही कागद कडेने तपकिरी झालेत आणि घडीवर तुटायला आलेत. पाच-सहा ठिकाणी सेलोटेप आहे, पिवळीजर्द.

भाऊ म्हणतो, सगळ्यांचे फोटो काढ, बरी दहा लॅमिनेट कर आणि बाकीची टाक. त्याचं गणित चुकीचं नाही, जागा खरंच कमी आहे. पण "बरी" कुठली, हे मला ठरवता येत नाही. जी नीटनेटकी आहेत ती मला मुळीच आवडत नाहीत.

त्यावरूनच तो आडवळणाचा प्रश्न. सुमारे सात वर्षांची असताना मी पेन्सिलने एक घर काढलंय. भिंत आरपार आहे. आत आई झोपली आहे, पलंगाखाली मी आहे आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना फाकलेत. त्यावर शाळेतल्या कुणीतरी लाल शाईने भिंत भरून टाकलीय आणि शेजारी "बरोबर" खुर्ची काढून दाखवलीय. हेतू चांगलाच असणार. पण त्यानंतरच्या तारखांची चित्रं पाहिली तर सगळीकडे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि मोजून चार पक्षी. बाराव्या वर्षानंतर काहीच नाही.

तर, ती लाल शाई काढता येते का? आणि तीस वर्षांनी हात पुन्हा कसा चालू करतात? परवा कोरा कागद घेऊन बसले आणि पाऊण तास पेन्सिलींना टोक काढत राहिले.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

कागदांशी रोजचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी लॅमिनेशन रद्द करा. ते यंत्र साधारण १०० अंशांच्या वर तापतं आणि मेणाचा खडू ५०-६० अंशांनाच पाघळतो. चित्राचा तवंग होईल. शिवाय तो गोंद एकदा बसला की कागदापासून सुटत नाही. जे पुन्हा उलटवता येत नाही ते जुन्या कागदावर करायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं.

ती साय बहुतेक बुरशी नाही. खडूतलं मेण काळाने पृष्ठभागावर येतं आणि पांढुरकं दिसतं. फरक ओळखायला सोपा आहे: साय फक्त रंगावर असते, बुरशी कोऱ्या कागदावरही पसरते, लवदार दिसते आणि तिला कुबट वास येतो. साय असेल तर मऊ सुती कापड अगदी हलक्या हाताने फिरवा, आधी कोपऱ्यात करून बघा. बुरशी निघाली तर ते पान लगेच वेगळं काढा आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय झटकू नका.

पोस्टर कलरच्या सुरळ्या जबरदस्तीने उघडू नका. त्या रंगाला धरून ठेवणारा डिंक वाळून ठिसूळ झालेला असतो. गळालेले पापुद्रे कागदाच्या पुडीत घालून त्याच चित्रासोबत ठेवा. ही अकरा चित्रं जमलं तर कागद-संवर्धकाला दाखवा. बाकीच्या सुरळ्या रोज थोड्या थोड्या सैल करा, मग दोन टिपकागदांमध्ये घालून वर सपाट वजन ठेवा आणि आठवडाभर विसरून जा.

सेलोटेप आपणहून सुटली असेल तर उचला. चिकटलेली असेल तर ओढू नका. टेपचा गोंद मऊ करायला हेअर ड्रायरचा सल्ला कुणीतरी देईलच, खडूच्या चित्रावर तो वापरू नका.

तपकिरी कडा हा लाकडाच्या लगद्याचा गुण आहे. स्वस्त कागदात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) राहतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच जळत जातो. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते याच कारणाने. म्हणून चित्रांच्या मध्ये वर्तमानपत्र घालू नका, आम्लरहित कागद घाला. तेली खडू कधीच पूर्ण वाळत नाहीत, त्यांच्यावर ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) हवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या घेणार असाल तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. ज्यांना उग्र वास येतो त्या पीव्हीसीच्या नकोत. पिना आणि रबरबँड आजच काढा. खोकं आडवं ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण.

स्केचपेनचं काय? उडालेला रंग परत येत नाही. मूळ चित्र अंधारात ठेवा आणि भिंतीवर प्रत लावा. प्रकाशाने झालेली झीज साठत जाते, मध्ये विश्रांती दिल्याने ती भरून निघत नाही.

प्रतिसाद २

प्र. १ ला अनुमोदन. स्कॅनिंगबद्दल भर घालते.

त्याच आकारात छापायचं असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरे, ए-४ पानाची प्रतिमा २४८० × ३५०८ पिक्सेलची होते. पाकिटावरची छोटी चित्रं मोठी करून बघावीशी वाटतील, ती ६०० वर करा. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा (३०० ला एक पान साधारण २५ एमबी) आणि घरच्यांना पाठवायला छोटी जेपीईजी फाइल. तेली खडूचं चित्र स्कॅनरच्या काचेवर उलटं टाकू नका, त्याचा फोटो काढा: खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, कॅमेरा कागदाला समांतर. मोबाइल फार जवळ नेलात तर कडा वाकड्या येतात, थोडं मागे सरून किंचित झूम करा.

आणि पाठी! आईने लिहिलेली प्रत्येक पाठ स्कॅन करा. तुमच्याकडे १४३ नाही, २८६ पानं आहेत असं समजा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

लाल शाईला हात लावू नका. शाई विरघळवणारं काहीही कागदावर डाग ठेवून जाईल. पण स्कॅनवर एक गंमत करता येते. घर पेन्सिलचं आहे म्हणालात ना? रंगीत प्रतिमा लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांची (चॅनलची) असते. कुठल्याही फोटो-संपादकात चित्राचा फक्त लाल चॅनल उघडून बघा. लाल शाई कागदाइतकीच उजळ होऊन जवळपास नाहीशी होते, पेन्सिल मात्र करडी राहते.

प्रतिसाद ३

खुर्चीच्या पायांवरून राहवलं नाही. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच मांडलं होतं की मूल जे दिसतं ते नाही, जे माहीत असतं ते काढतं. खुर्चीला चार पाय आहेत हे माहीत आहे, मग चारही दिसलेच पाहिजेत! घरात माणसं आहेत, मग भिंत आरपार. ती चूक नव्हती. साधारण नऊ-दहाव्या वर्षी मूल स्वतःच "खऱ्यासारखं" काढायला बघतं, ते जमत नाही आणि पुष्कळ जण तिथे पेन्सिल खाली ठेवतात. तुमच्या बाबतीत ते जरा लवकर घडवून आणलं गेलं एवढंच.

पाउल क्ले या चित्रकाराला १९०२ मध्ये स्वतःची बालपणीची चित्रं सापडली. १९११ मध्ये आपल्या कामाची सूची करायला घेतली तेव्हा त्याने त्यातली काही चक्क सूचीत घातली. तेव्हा भावाला सांगा, टाकायचं नाही.

अवांतर: रशियातल्या नोवगोरोदला १९५६ च्या उत्खननात ओनफिम नावाच्या मुलाने भूर्जाच्या सालीवर कोरलेली चित्रं निघाली. तेराव्या शतकातली, मुलगा असेल सहा-सात वर्षांचा. धडा गिरवता गिरवता घोडेस्वार काढलेत आणि एका प्राण्याशेजारी "मी जंगली पशू आहे" असं लिहिलंय. ओल्या चिखलात हवा पोचली नाही म्हणून साल टिकली. आपल्या ड्रॉइंग पेपरला मात्र तीस वर्षांत धाप लागते.

प्रतिसाद ४

मी बावीस वर्षांनी पुन्हा सुरू केलं. एकच सांगतो, भारी वही आणू नका. भारी वहीचं पहिलं पान कोरंच राहतं. पाठकोरे कागद घ्या.

कागदाकडे न बघता, हात न उचलता, समोरच्या वस्तूच्या कडेवरून नजर जितकी सावकाश फिरेल तितकीच सावकाश रेघ ओढा. चित्र विद्रूपच येतं, सगळ्यांचंच येतं, त्यामुळे लाज वाटायचं कारण उरत नाही. दुसरं, एखादं रेखाचित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करा. उलटं असलं की डोक्याला "हे नाक" असं म्हणता येत नाही, मग डोळा नुसती रेघ बघतो. दहा मिनिटं, गजर लावून. गजर झाला की उठायचंच, चित्र अर्धं असलं तरी. दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्यापाशी बसणं सोपं जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅमिनेशन रद्द. भावाने हा धागा वाचला आणि "एक खोकं माझ्याकडे ठेव" म्हणाला, म्हणजे दुसऱ्या घरची सोयही झाली. साय पुसली, खाली लखलखीत नारिंगी रंग निघाला! संवर्धकाचा शोध चालू आहे.

प्र. ४, गजर लावून पाच दिवस झाले. चहाची किटली काढते आहे. ती किटली वाटत नाही, पण पेन्सिलींना टोक काढत बसणं बंद झालं. मग धीर करून तेच घर पुन्हा काढायला घेतलं, आणि खुर्चीपाशी अडले. चार पाय चार दिशांना फाकवता येईनात, हात आपोआप ती "बरोबर" खुर्ची काढतोय. तीन कागद गेले.

आणि प्र. २, तुमचा लाल चॅनल. उघडला. शाई खरंच गेली. भिंतीवरच्या त्या गिरगोटाखाली काय होतं ते मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. पलंगाखाली मी एकटी नाही! माझ्या शेजारी आणखी कुणीतरी आहे, छोटंसं, सहा पायांचं, आणि आम्ही दोघं हसतोय. मला काहीएक आठवत नाही. मागच्या बाजूलाही त्याचा उल्लेख नाही.

आईला फोन करून विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "मला काय माहीत? तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी लिहून ठेवलं नसतं का?"