थायलंडचा राजा नुसता शोभेचा की खरी सूत्रं त्याच्याच हातात?

अर्धवट_वाचक:
मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. थायलंडच्या बातम्या अधूनमधून वाचतो आणि दर वेळी डोकं गरगरतं. २०२३ च्या मे महिन्यात निवडणूक झाली, मूव्ह फॉरवर्ड नावाचा नवा पोरासोरांचा पक्ष ५०० पैकी १५१ जागा घेऊन पहिला आला, आठ पक्षांची मोट बांधून ३१२ झाले, म्हणजे सरळसरळ बहुमत की नाही? तरी त्यांचा नेता पिटा पंतप्रधान झालाच नाही. आणि पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मधे, कोर्टाने अख्खा पक्षच बरखास्त केला, कारण काय तर राजाच्या बदनामीचा कायदा बदलू असं ते निवडणुकीत म्हणाले होते. आता राजा १९३२ पासून घटनात्मक आहे म्हणतात, म्हणजे ब्रिटनसारखाच ना? आणि या सगळ्या राड्यात तो स्वतः एक शब्दही बोललेला मला तरी कुठं दिसला नाही. मग हे करतंय कोण?

सुपारीबाज:
तुझा प्रश्न बाळबोध नाही, तिथल्या राजकारणाचं अर्धं गुपित त्यातच आहे. राजा बोलत नाही म्हणूनच सगळं चालतं.

आधी ते ३१२ चं गणित. २०१४ च्या बंडानंतर लष्कराने २०१७ ची घटना आणली आणि त्यात पहिली पाच वर्षं २५० नेमलेले सिनेटर पण पंतप्रधानासाठी मत देणार अशी सोय करून ठेवली. म्हणजे ७५० पैकी ३७६ पाहिजेत. पिटाला १३ जुलैला ३२४ मिळाली, विषय संपला. यात राजाने काही केलं का, नाही. पण बऱ्याच सिनेटरांचं कारण एकच, हा माणूस कलम ११२ ला, म्हणजे त्याच राजाच्या बदनामीच्या कायद्याला, हात लावणार.

आता मागे जाऊ. २४ जून १९३२ ला काही तरुण अधिकारी आणि फ्रान्समधे शिकून आलेले लोक (प्रिडी पानोम्योंग त्यातला मुख्य) यांनी अनियंत्रित राजेशाही संपवली. सातव्या रामाने (म्हणजे तेव्हाच्या राजाने, तिथं राजांना राम पहिला, दुसरा असं मोजतात) १९३५ मधे इंग्लंडमधूनच गादी सोडली. पुढची वीसेक वर्षं राजघराण्याची पार रया गेली होती, आठवा राम १९४६ मधे राजवाड्यात डोक्यात गोळी लागून मेला, ते प्रकरण आजही धुक्यातच आहे. आणि धाकटा भाऊ भूमिबोल १८ वर्षांचा असताना राजा झाला. खरी कलाटणी १९५७ नंतर, सरित थनारत नावाच्या जनरलने बंड केलं, त्याला स्वतःची वैधता कुठून तरी आणायचीच होती, त्याने राजाला परत मखरात बसवलं. लष्कराला राजा हवा, राजाला लष्कर हवं. हा सौदा अजून चालू आहे.

म्हणून तिथं बंड यशस्वी झालं की नाही हे रणगाड्यांवर ठरत नाही. एप्रिल १९८१ चं बघ, बंडखोरांनी बँकॉक ताब्यात घेतलेलं होतं, पण पंतप्रधान प्रेम तिनसुलानोन राजघराण्याला घेऊन कोराट शहरात निघून गेला आणि दोनतीन दिवसांत बंड आपोआप विरघळलं. हाच प्रेम पुढे प्रिव्ही कौन्सिलचा (राजाच्या सल्लागार मंडळाचा) अध्यक्ष झाला आणि २००६ मधे सैनिकी विद्यार्थ्यांपुढे म्हणाला की सैन्य हा घोडा, सरकार म्हणजे नुसता जॉकी, घोड्याचा मालक देश आणि राजा. दोन महिन्यांत तेव्हाचा पंतप्रधान ताक्सिन याच्याविरुद्ध बंड झालं आणि रणगाड्यांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या. पिवळा कारण भूमिबोल सोमवारी जन्मलेला, थाई लोकांत वारागणिक रंग असतो. यात हुकूम कोणी दिला असं विचारशील तर उत्तर मिळणारच नाही, "वरच्यांची मर्जी" ज्याला त्याला आपापली कळलेली असते.

फिरस्ती_मावशी:
मी बँकॉकमधे चार वर्षं होते नोकरीनिमित्त, २०१५ ते २०१९. सुपारीबाजने लिहिलंय ते बरोबर आहे पण तिथं राहून जे जाणवतं ते वेगळंच काहीतरी असतं. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की गर्दी जागच्या जागी थिजते, मी पहिल्या दिवशी एकटीच चालत राहिले आणि मग लक्षात आलं की आपण सोडून सगळं जग थांबलंय. सिनेमाआधी राजाचं वेगळं गीत, तेव्हाही उभं राहायचं. (आता २०२० नंतर बरीच पोरं बसून राहतात म्हणे, माझ्या वेळेला तसं दिसलं नव्हतं.)

१३ ऑक्टोबर २०१६ ला भूमिबोल गेले. सत्तर वर्षं एकच राजा, म्हणजे ऑफिसातल्या एकाही माणसाने दुसरा राजा पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे काळ्यात, दुकानातले काळे कपडे संपले तर लोक रस्त्यावर कढयांमधे कपडे काळे रंगवून घेत होते. माझी शेजारची सहकारी ढसाढसा रडली आणि ते खोटं नव्हतं, तिचं कुटुंब उत्तरेकडच्या डोंगरातलं, अफूच्या जागी दुसरी पिकं आणली ती राजाच्या प्रकल्पांनी असं ती सांगायची. तीच मुलगी, नव्या राजाचा विषय निघाला की आवाज खाली आणून फक्त वर आकाशाकडे बोट करायची. नाव नाही घ्यायची. चार वर्षांत एकदाही नाही.

तिरकस_डोळा:
हे सगळं वाचून असं वाटतं की लोकांना दमात घेऊन राजा पुजायला लावलाय. थोडं थांबा राव. मावशींनी स्वतःच लिहिलंय ना की ते रडणं खरं होतं. मे १९९२ विसरलात का? लष्कराने रस्त्यावर गोळीबार केला, माणसं मेली आणि मग भूमिबोलनी पंतप्रधान सुचिंडा आणि आंदोलनाचा नेता चामलोंग दोघांना बोलावून टीव्हीवर समोर जमिनीवर बसवलं आणि झापलं. काही दिवसांत सुचिंडा गेला. कोर्टाला किंवा संसदेला हे जमलं असतं? २००५ च्या वाढदिवसाच्या भाषणात तर ते म्हणाले होते की राजावर टीका करता आली पाहिजे, राजा चुकतच नाही म्हणणं म्हणजे त्याला माणूस न समजणं. तेव्हा राजा म्हणजे खलनायक असं करू नका.

सुपारीबाज:
तिरकस, खलनायक मी म्हटलंच नाही. पण १९९२ सांगतोस तर ६ ऑक्टोबर १९७६ पण सांग. थम्मासाट विद्यापीठात (मूळ शब्द आपला धर्मशास्त्र!) राजपुत्राची विटंबना केली अशी आवई उठवून राजभक्त टोळ्या आणि पोलिसांनी विद्यार्थी मारले, मृतदेह झाडाला लटकवून झोडपले. त्यानंतर लगेच कलम ११२ ची शिक्षा वाढवून ३ ते १५ वर्षं केली, ती पण प्रत्येक आरोपाला वेगळी. आणि तक्रार कोणीही करू शकतो, तुमचा शेजारी, तुमचा स्पर्धक, कोणीही. २००५ च्या त्या सुंदर भाषणानंतर खटले कमी झाले नाहीत, वाढले. २०११ मधे एका साठीच्या म्हाताऱ्याला चार एसएमएससाठी २० वर्षं दिली, पुढच्या वर्षी तो तुरुंगातच वारला. २०२१ मधे एका बाईला ८७ वर्षं, गुन्हा कबूल केला म्हणून निम्मी म्हणजे साडेत्रेचाळीस. हे राजाच्या इच्छेविरुद्ध होतंय म्हणावं तर ते तरी कोण आणि कसं विचारणार, विचारलं की ११२.

शिवाय आत्ताचा राजा, वजिरालोंगकोर्न, हा वडिलांसारखा पडद्यामागे बसणारा नाही. २०१७ ची घटना जनमताने मंजूर झालेली असताना त्याने त्यात बदल करून घेतले, म्हणजे तो परदेशात असला (जर्मनीत बराच असायचा) तरी प्रतिपालक (त्याच्या जागी कारभार बघणारा) नेमायची गरज नाही वगैरे. २०१८ ला राजघराण्याची मालमत्ता थेट त्याच्या नावावर आली. २०१९ ला एका अध्यादेशाने दोन पायदळ रेजिमेंट सरळ त्याच्या ताब्यात. त्या अध्यादेशाला फ्यूचर फॉरवर्डच्या ७० खासदारांनी विरोधात मत दिलं, आणि चारेक महिन्यांत तो पक्ष कर्जाच्या भलत्याच प्रकरणात बरखास्त. मूव्ह फॉरवर्ड हा त्याचाच पुढचा अवतार.

अर्धवट_वाचक:
ओके, आता जरा उजेड पडतोय. म्हणजे २०२० ची आंदोलनं याच रागातून का? ते तीन बोटांचा सॅल्यूट वगैरे?

फिरस्ती_मावशी:
हो, मी तोवर परत आले होते पण तिथल्या ओळखीच्या पोरांचे मेसेज यायचे. ३ ऑगस्टला एका वकिलाने हॅरी पॉटरचा वेष करून राजाबद्दल जाहीर भाषण केलं, त्या गोष्टीतल्या खलनायकासारखा ज्याचं नाव घ्यायचं नाही तो, असा विनोद. मग १० ऑगस्टला थम्मासाटच्याच रांगसित कॅम्पसवर दहा मागण्या वाचल्या गेल्या. आणि मागण्या बघा हो, राजेशाही नको असं एकही कलम नाही! ११२ रद्द करा, राजाची खासगी मालमत्ता आणि राज्याची मालमत्ता वेगळी करा, बंडांना मान्यता देऊ नका, अशा. मला मेसेज आला होता की "मोठ्याने म्हटलं गं, आणि आकाश कोसळलं नाही". आकाश म्हणजे तेच. कोसळलं मात्र नंतर, नोव्हेंबरपासून ११२ चे खटले परत सुरू झाले आणि अडीचशेहून जास्त लोकांवर लागले. त्यात शाळेतली पोरंही होती.

तिरकस_डोळा:
बरं, मान्य, पण मग ताक्सिनचं काय लॉजिक? १७ वर्षं ज्याला राजाचा शत्रू म्हणून हाकललं तो २०२३ मधे परत येतो, त्याच दिवशी त्याचा पक्ष सरकार बनवतो, लष्करवाल्यांना सोबत घेऊन, आणि आठवडाभराच्या आसपास राजा त्याची आठ वर्षांची शिक्षा एक वर्षावर आणतो.

सुपारीबाज:
लॉजिक सोपं आहे, मूव्ह फॉरवर्डपेक्षा ताक्सिन परवडला. तो माणूस सत्ता मागत होता, ही पोरं प्रश्न विचारत होती. आणि ताक्सिनला तरी कुठं चैन पडू दिलं, नंतर मुलीचं पंतप्रधानपद कोर्टाने काढून घेतलं, सप्टेंबर २०२५ मधे त्याला पुन्हा तुरुंगात टाकलं. राजघराण्यातल्यांना पण सूट नाही हां, २०१९ मधे राजाची थोरली बहीण उबोलरत्ना ताक्सिनच्या गटातल्या एका पक्षाकडून पंतप्रधानपदाला उभी राहिली, त्याच रात्री राजाचं निवेदन आलं की हे अत्यंत अनुचित आहे, महिन्याभरात पक्ष बरखास्त. अर्धवट म्हणतोय ना की राजा बोलत नाही, तो बोलला तेव्हा एका रात्रीत निकाल लागला.

मूकवाचक:
एरवी लिहीत नाही पण एक राहवत नाही म्हणून. १९३२ च्या क्रांतीची आठवण म्हणून बँकॉकच्या रॉयल प्लाझात रस्त्यातच एक छोटी पितळी चकती बसवलेली होती, घटना इथं जन्मली असं काहीसं लिहिलेली. एप्रिल २०१७ मधे ती एका रात्रीत गायब झाली आणि तिच्या जागी दुसरी आली, धर्म, देश, कुटुंब आणि राजा यांच्याशी निष्ठा ठेवा असं लिहिलेली. काढली कोणी, बसवली कोणी, आजतागायत कोणाला ठाऊक नाही. लोक चौकशीला गेले तर सांगण्यात आलं की तिथले सीसीटीव्ही दुरुस्तीसाठी काढून ठेवले होते.

अर्धवट_वाचक:
सगळे?

मूकवाचक:
त्या भागातले अकरा.