प्रहसनातली बातमी शिळी होते आणि अंधारात हशा विरतो, उपाय सांगा

पडघम_सोलापूर:
हुतात्मा स्मृती मंदिरात चालू घडामोडींवर दीड तासाचा तिकीट लावून प्रयोग करतोय. बारा प्रहसनं, सात कलाकार. विषय पाणी, रस्ते, युत्या-आघाड्या. तालमी होईस्तोवर बातमी जुनी होते आणि दोन प्रहसनांमधल्या अंधारात प्रेक्षक गार पडतात. परवानगी कशी लागते?

विंगेतून:
बातमीवर लिहू नका, माणसाच्या पेचावर लिहा. चार दिवसांनी नळ येणार आणि नेमके त्याच वेळी मुलीला बघायला पाहुणे दारात. आई सरबताआधी त्यांच्या हातात बादल्या देते. हा पेच पुढच्या वर्षीही चालेल. उजनी भरलं, जलवाहिनी फुटली, निवडणूक लागली असल्या खबरांना दोन-तीनच जागा ठेवा आणि संहितेत त्यांच्याखाली रेघ मारा. बदलायचं ते तेवढंच. हालचाली आणि शेवटचं वाक्य यांना हात लावू नका, कारण समोरच्या नटाचा क्यू, म्हणजे त्याने कधी बोलायचं याची खूण, त्यावरच असतो. नवं वाक्य सकाळीच ठरवून सगळ्यांसमोर दोनदा म्हणून घ्या. तमाशातली बतावणी, म्हणजे त्यातला विनोदी सवाल-जवाबांचा भाग, इतकी वर्षं टिकली ती याच जोरावर: सांगाडा पाठ, खबर त्या गावची.

डिमरवाला:
अंधार पाच-सहा सेकंदांच्या वर नको. प्रकाशयोजकाकडे प्रत्येक प्रहसनाचं शेवटचं वाक्य लिहून द्या. शेवटच्या शब्दावर दिवे गेले पाहिजेत. मग हशा चालू असतानाच मांडणी बदलते. उशीर झाला की नट नुसता उभा दिसतो आणि हशा तिथेच मरतो. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडं पुरे. त्यांच्या जागांवर रेडियमची पट्टी लावा. अंगात सगळ्यांच्या काळे कपडे, वरून टोपी, उपरणं, जाकीट. लागोपाठच्या दोन प्रहसनांत एकच नट मुख्य भूमिकेत नको. सगळ्यात जोरकस प्रहसन दुसरं लावा, पहिल्याच्या वेळी लोक अजून खुर्च्या शोधत असतात.

संहिता_तपासा:
रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, संहिता वेळेत पाठवा. रेघ मारलेल्या जागांचे दोन-तीन पर्याय आधीच लिहून त्यातच जोडा, म्हणजे ऐनवेळी मंजुरीबाहेरचं बोलायची वेळ येत नाही. आणखी एक: सोलापुरात तेलुगू, कन्नड, दखनी वाक्याला टाळी हमखास पडते, पण अर्ध्या सभागृहाला ते कळत नाही. मधे खुशाल वापरा, शेवटचं वाक्य मात्र मराठीतच ठेवा.