'दुष्काळ' कायद्यातून काढला, पण तोंडातून निघाला का?

बार्शीलाइट
गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर ऑर्वेलची '१९८४' घेतली होती. अर्धा वेळ 'आपल्याकडं असं होईल का' यातच गेला. मला तो प्रश्नच पटला नाही. होऊन गेलंय की.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: १९४९ सालची ही कादंबरी. त्यातलं सरकार दरवर्षी शब्दकोश बारीक करत नेतं. त्या नव्या भाषेचं नाव न्यूस्पीक. कोशाचं काम करणारा साइम कँटीनमध्ये जेवता जेवता कादंबरीचा नायक विन्स्टनला सांगतो की शब्दच उरला नाही, तर बंडाचा विचार मनातसुद्धा येणार नाही. 'फ्री' हा शब्द ठेवलाय, पण कुत्र्याच्या अंगावर उवा नाहीत एवढंच सांगण्यापुरता.

आता आपलं बघा. १९६३ साली महाराष्ट्राने कायदाच केला: राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' म्हणजे दुष्काळ हा शब्द काढायचा, त्या जागी 'स्केअर्सिटी' म्हणजे टंचाई घालायचा. कारण काय? तर सरकारचं शेतीवर सतत लक्ष असतं, मदत वेळेत पोचते, त्यामुळं दुष्काळ पडायला आता वावच नाही! नऊच वर्षांनी १९७२ चा मोठा दुष्काळ आला. कायद्याच्या भाषेत ती टंचाई.

माझं म्हणणं एवढंच, की ऑर्वेलने उगाच लोकांच्या डोक्यात शिरायचा घाट घातला. सरकारला इतके कष्ट कशाला? अर्जातला शब्द काढला की काम भागतं.

कडकभाकरी
अजिबात पटलं नाही. माझी आज्जी मंगळवेढ्याकडची. बहात्तरला खडी फोडायला जात होती. मिलोच्या, म्हणजे तेव्हा रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीचं नाव काढलं तरी अजून तोंड वाकडं करते. 'टंचाई' तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. घरातली वयं ती दुष्काळावर मोजते. थोरला मामा दुष्काळाच्या आदल्या साली, धाकटा दुष्काळात. मुंबईत बसून इंग्रजी कायद्यातला एक शब्द खोडला, ते इकडच्या रानात कुणाला कळलं तरी का?

आणि ऑर्वेलचा पायाच मला कच्चा वाटतो. शब्द नाही म्हणून विचार नाही, असं कुठं असतं? तान्ह्या पोराला 'भूक' म्हणता येत नाही, म्हणून ते रडायचं थांबतं का?

उजनीकाठ
भाकरीराव, पोर रडतं कारण आई ऐकते. कचेरी ऐकत नाही, वाचते.

मागे एका साली पावसाने दडी मारली. गावातल्या पोरांच्या परीक्षा फीच्या माफीसाठी आम्ही चार जणांनी मिळून अर्ज केला. विषयात लिहिलं, 'दुष्काळामुळे'. टेबलापलीकडचा माणूस भला होता. त्याने स्वतःच्या पेनाने तो शब्द गोल केला आणि म्हणाला, "दुष्काळ अजून जाहीर नाही ओ. टंचाई लिहा, नाहीतर परत येईल." आम्ही लिहिलं. मग कळलं, टंचाईत टँकर मिळतो, फीमाफी दुष्काळात. म्हणजे शब्द बदलला तर अर्ज घेणार, आणि घेतला तर मागणी बसणार नाही. महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलातली सवलत, सगळं त्या एका शब्दाला बांधलेलं. पुढं 'दुष्काळसदृश परिस्थिती' आली. ते 'सदृश' ज्याला सुचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

पेठेतला
कादंबरीपुरती एक दुरुस्ती. न्यूस्पीक सगळ्यांसाठी नव्हतीच. तिथली ८५ टक्के जनता 'प्रोल', म्हणजे साधी कष्टकरी माणसं, त्यांच्या बोलण्याशी तिथल्या सत्ताधारी पक्षाला देणंघेणं नाही. भाषा बदलायची ती पक्षाच्या लोकांची, म्हणजे जे कागद लिहितात त्यांची. म्हणजे धागाकर्ते ऑर्वेलला खोडायला निघाले आणि त्याचंच म्हणणं मांडून बसले.

आठवा तो चॉकलेटचा प्रसंग. रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात आणि दुसऱ्या दिवशी 'वाढवून २० केलं' म्हणून आभाराचे मोर्चे निघतात. तिथं शब्द कुठला गेला? गेला तो कालचा आकडा.

निवृत्तकारकून
नोकरी त्याच खात्यात गेली, म्हणून दोन शब्द. त्या कायद्याला सगळे हसतात, पण इंग्रजांच्या फॅमिन कोडमध्ये, म्हणजे दुष्काळात काय करायचं त्या नियमावलीत, 'फॅमिन' म्हणजे भूकबळीपर्यंत गेलेली अवस्था. तिथवर जाऊच द्यायचं नाही, हा त्यामागचा दावा. तो दावा मोठा होता, मान्य. पण बहात्तरला कामं निघाली की नाही? मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं कामांवर होती. त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. 'मागेल त्याला काम' हे शब्दही सरकारीच. पण ते घेऊन बायाबापड्या कचेरीसमोर बसायच्या आणि आम्हालाच ऐकवायच्या. सरकारी शब्द उलटा सरकारच्या गळ्यात घालता येतो. हे तुमच्या कादंबरीत कुठं आहे?

बार्शीलाइट
काका, कामं निघाली हे शंभर टक्के मान्य. मग शब्द खोडायची घाई कशाला? औषध आहे म्हणून रोगाचं नाव पुसतात होय?

विडीघरकुल
सोलापुरात न्यूस्पीक आणायची तर लै महागात पडेल. आमच्या घरात तेलुगूत 'करुवु', पलीकडच्या कन्नड घरात 'बरगाल', मागावरचा जोडीदार उर्दूवाला, आणि बाजारात मराठी. चार कोश बारीक करायचे म्हणजे साइमचं कँटीनचं बिलच केवढं होईल! ऑर्वेलच्या पक्षाला एकच भाषा उरकायची होती, म्हणून जमलं.

पण भाकरीराव, 'लोकांचं तोंड चिवट' म्हणून इतकं खूश होऊ नका. ते वाईटालाही तेवढंच चिवट असतं. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. आपल्याच शहरात त्यांना तारेच्या कुंपणातल्या 'सेटलमेंट'मध्ये ठेवलं होतं, हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का गेला, 'विमुक्त' हा शब्द आला. इथं शब्द सरकारने बदलला आणि तो बदलायलाच हवा होता. पण रिक्षावाल्याला आजही 'सेटलमेंट' म्हटलं की पत्ता कळतो, आणि तो पत्ता सांगून खोली भाड्याने मिळते का, हे तिथल्या पोरांना विचारा.

कडकभाकरी
हे मात्र लागलं. याला माझ्याकडं उत्तर नाही.

पेठेतला
अजून एक राहिलं. त्या कादंबरीच्या शेवटी न्यूस्पीकवर एक परिशिष्ट आहे, ते भूतकाळात लिहिलंय आणि साध्या जुन्या इंग्रजीत. काही जण त्यावरून म्हणतात की ती राजवट पुढं पडली असणार. मला ते ओढूनताणून वाटतं. पण कट्ट्यावर भांडायला चांगलंय.

उजनीकाठ
पडली असली तरी अर्जाचा नमुना तोच ठेवला असणार.

कडकभाकरी
आत्ता आज्जीला फोन लावला. विचारलं, खडीवर होतीस तेव्हा कागदावर दुष्काळ लिहायचे का टंचाई? म्हणाली, "काय की बाबा, मला कुठं वाचता येत होतं? हजेरीपटावर माझं नावच चुकीचं होतं, तुझं शब्दाचं काय घेऊन बसलास."

बार्शीलाइट
चुकीचं म्हणजे?

कडकभाकरी
दुसऱ्याच कुणाचं तरी लिहिलं होतं. दुरुस्त करायला गेलं तर पगार अडकणार. म्हणून काम बंद होईपर्यंत त्याच नावाला 'हजर' म्हणायची.