मदत हवी आहे: लॅपटॉपवरच्या फायली जुन्या होम थिएटरवर ५.१ मध्ये कशा वाजवायच्या?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा.

बाबांकडे डीव्हीडीवालं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर आहे, जुनं आहे पण आवाज अजून खणखणीत, सबवूफर लावला की शोकेसच्या काचा थरथरतात. भाऊ साउंडबार घेऊया म्हणून मागे लागलाय पण बाबा ऐकत नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही ते भंगारात द्यायचं जिवावर येतंय. मागे एचडीएमआय एकच आहे आणि तीही आउट, म्हणजे लॅपटॉप थेट लावायची सोय नाही. बाकी ऑप्टिकल इन, लाल-पांढरी ऑक्स आणि पुढे यूएसबी. टीव्ही त्यामानाने नवा, त्याला एआरसी (एचडीएमआयमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर द्यायची सोय) आहे पण थिएटरला नाही.

फायली सगळ्या प्रकारच्या आहेत. बाबांच्या नाटकांच्या व्हीसीडी मी कॉपी करून ठेवल्यात, त्या डॅट फायली. सिनेमे एमकेव्ही. आणि ताईच्या लग्नाचं मोबाइलवर केलेलं शूटिंग, ते एमपी४ पण आतला व्हिडिओ एच.२६५ (एच.२६४ नंतरची, व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत).

पेन ड्राइव्ह थिएटरला लावला तर गाणी, फोटो, जुन्या एव्हीआय चालतात, एमकेव्ही लिस्टमध्ये दिसतच नाहीत. मोठी हार्ड डिस्क तर त्याला कळतच नाही. मग लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने आणि टीव्हीचं ऑप्टिकल थिएटरला असं जोडलं. चाललं, पण पुढचे दोनच स्पीकर आणि वूफर वाजतो, मागचे मुके. थिएटरच्या डिस्प्लेवर पीसीएम असं येतं. आणि एक गंमत म्हणजे काही सिनेमे टीव्हीच्या यूएसबीवर लावले की चित्र येतं, आवाज शून्य. दुकानदार म्हणाला नवीनच घ्या, ते सोडून बोला.

स्क्रूड्रायव्हर:
पीसीएम (म्हणजे आधीच उलगडलेला, सुटा आवाज) दिसतंय यातच उत्तर आहे. ऑप्टिकलमधून सुटा आवाज फक्त २ चॅनलचा जातो. ५.१ हवा तर तो डॉल्बी किंवा डीटीएसचं न उघडलेलं पार्सल म्हणून थिएटरपर्यंत पोचायला हवा, वाटेत लॅपटॉपने किंवा टीव्हीने उघडलं की संपलं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल, ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर प्रेफरन्सेस, ऑडिओ, तिथे पासथ्रू (आवाज न उघडता तसाच पुढे पाठवणं) चालू करा.

आवाज शून्य येणाऱ्या फायली बहुतेक डीटीएसच्या असणार. बऱ्याच टीव्हींमध्ये डीटीएस डीकोडरच नसतो.

दुपारचा चहा:
हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असेल, असली जुनी यंत्रं फॅट३२ शिवाय काही ओळखत नाहीत, आणि फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एमकेव्हीचा नाद सोडा, त्या डब्यातली चिप डीव्हीडी आणि डिवएक्सच्या जमान्यातली, एच.२६४ तिला झेपणार नाही, एच.२६५ तर लांबच राहिलं. नाव बदलून एव्हीआय केलंत तरी आतला माल तोच.

डॅटचं मात्र सोपं आहे. व्हीसीडी म्हणजे एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, फाइलचं शेपूट डॅटऐवजी एमपीजी करून बघा, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर चालते. पण आवाज मुळातच स्टिरिओ, त्यात खरा ५.१ कुठून येणार. रिमोटवर प्रोलॉजिक (स्टिरिओतून मागच्या स्पीकरसाठी आवाज काढणारी सोय) असेल तर मागचे स्पीकर वाजतील. माझं मत विचाराल तर नाटकाला ते नकोच, संवाद समोरूनच यावेत, मागून फार तर खोकला ऐकू येईल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार! टीव्ही ऑटोवर केला, एक सिनेमा टीव्हीच्याच यूएसबीवरून लावला तर थिएटरवर डॉल्बी डिजिटल आलं आणि मागचे दोन्ही बोलायला लागले, बाबा दचकलेच. डॅटचंही जमलं. पण लॅपटॉपवरून लावलं की पासथ्रू चालू करूनही परत पीसीएमच.

स्क्रूड्रायव्हर:
मग टीव्हीच आडवा येतोय. काही टीव्ही स्वतःच्या यूएसबीचा ५.१ पुढे देतात, पण एचडीएमआयने आत आलेल्याचा स्टिरिओ करून टाकतात. टीव्हीला फक्त चित्रापुरता ठेवा. ऑप्टिकल आउट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, लॅपटॉपमधून आवाज थेट थिएटरला. व्हीएलसीत आउटपुट डिव्हाइस म्हणून तेच निवडा. थिएटर डीटीएस उलगडत असेल (पुढच्या पट्टीवर लोगो असतो) तर त्या मुक्या फायलीही बोलतील.

ज्या फायलींचा ऑडिओ एएसी (डॉल्बी-डीटीएसपेक्षा वेगळा प्रकार) ५.१ आहे त्या तरीही स्टिरिओच जातील, त्यांचा व्हिडिओ तसाच ठेवून नुसता ऑडिओ एसी३ (म्हणजेच डॉल्बी डिजिटल) करून घ्या, एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने होतं, ६४० केबीपीएस ठेवा. लग्नाच्या शूटिंगची काळजी करू नका, मोबाइलचा आवाज बहुधा स्टिरिओच असतो.

आणि नवी ऑप्टिकल केबल आणलीत तर दोन्ही टोकांची प्लास्टिकची टोपणं काढा आधी, आवाज येत नाही म्हणून निम्मे फोन मला त्याच्यासाठीच येतात.