पॅरिस १९०० चं पदक: लिलावात काय धरावं?

खानापूर_रोड
जुन्या पेटीत पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनाचं एक पदक आहे. व्यास ६३ मिमी, वजन ९७.२० ग्रॅम. एका बाजूला फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली बाई, दुसरीकडे पंखवाली देवता आणि १९०० साल. खालच्या चौकटीत एका फ्रेंच कारखान्याचं नाव. रंग तपकिरी, खाचांत पिवळी झाक. सोबतच्या कागदावर फ्रेंचमध्ये ‘सुवर्णपदक’ लिहिलंय. परदेशी साइटवर असंच एक ३०० युरोला लावलंय. तेवढे येतील काय? पितांबरीनं घासून फोटो काढावेत म्हणतोय.

शहापूर_सराफकट्टा
पितांबरी नको, चिंच तर अजिबात नको. देवघरातली भांडी नव्हेत ही. तो तपकिरी रंग टांकसाळीतच मुद्दाम चढवलेला असतो. एकदा घासला की गेला, आणि संग्राहक हातातलं पदक खाली ठेवतो.

आधी धातू ठरवा. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, ओरखडा कायमचा राहतो. सराफाच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर आधी कोरडं वजन, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून वजन. पदक भांड्याला टेकू नये, बुडबुडे चिकटलेले राहू नयेत. नेमकी तिथंच चूक होते. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकानं भागा, ती घनता. ब्राँझ ८.८ च्या आसपास, चांदी १०.५ च्या जरा खाली, शुद्ध सोनं १९.३. मग लगेच मऊ कापडानं टिपून घ्या.

या आकाराचं पदक २२ कॅरटचं असतं तर दोनशे ग्रॅमच्या घरात गेलं असतं. कागदावरचं ‘सुवर्ण’ हा मानाचा दर्जा आहे, धातू नव्हे. खाचांतली पिवळी झाक म्हणजे गिलेट, सोन्याचा मुलामा असावा. उंचवट्यांवरचं आधी झिजतं, खाचांत राहतं.

आता भिंगातून कड बघा. १८८० पासून पॅरिसच्या टांकसाळीचं चिन्ह फळांनी भरलेलं शिंग, आणि शेजारी धातूचं नाव. १८६० ते १८८० मधमाशी. म्हणजे १८६७ च्या प्रदर्शनाचं पदक दाखवतात आणि कडेवर शिंग निघतं, तर ते नंतर पुन्हा छापलेलं. ओतीव नक्कल असेल तर धातू आकसल्यामुळं व्यास मिलिमीटरभर कमी भरतो, अक्षरांचे कोपरे बोथट दिसतात, कडेला कानशीचे वळ असतात.

खानापूर_रोड
पाण्यात ८६.१० भरलं. म्हणजे ८.७६. कडेवर शिंग आणि ‘ब्राँझ’ ही अक्षरं आहेत. एका कोपऱ्यात फिकट हिरवी पूड दिसते, पुसली तरी परत येते.

निपाणी_नाणी
परत येते म्हणजे क्लोराइडचा रोग. तेल-मेण लावून झाकू नका, आतून खातच राहतं. इतर नाण्यांपासून वेगळं करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिनाभर उघडं ठेवलं तर डाग पसरलाच म्हणून समजा. मऊ पीव्हीसीची पाकिटंही नकोत. लिलावाच्या वर्णनात डाग लपवू नका, पदक परत येतं.

किंमत बहुतेक नावावर ठरते. १९०० ला दर्जेदर्जानं हजारो पदकं वाटली गेली, त्यामुळं नुसत्या पॅरिस पदकाला फार भाव नाही. चौकट कोरी असेल तर आणखी कमी. घड्याळं, बंदुका, कॅमेरे, वाद्यं बनवणाऱ्याचं नाव असेल तर मात्र पदकवाले आणि त्या वस्तूंचे शौकीन असे दोन गट बोली लावतात. नावाची शहानिशा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संकेतस्थळावर जुन्या अहवालांत करा. चौकटीचा तळ चकचकीत आणि बाकी पदक काळपट असेल तर नाव नंतर कोरलेलं समजा.

नाव कुठं शोधायचं हे प्रदर्शनागणिक बदलतं. लंडन १८५१ आणि १८६२ ला ते कडेवर. शिकागो १८९३ ला मागच्या बाजूवर, उठावाच्या अक्षरांत; तिथं सगळ्यांना एकाच दर्जाचं ब्राँझ पदक होतं, तरी ‘शिकागोचं सुवर्णपदक’ हे शब्द आपल्याकडं अजून सर्रास ऐकू येतात.

चिकोडी_दप्तर
३०० युरो ही मागितलेली किंमत, ती सोडा. विकल्या गेलेल्या पाच-सहा पदकांचे निकाल बघा: तोच दर्जा, तशीच स्थिती, डबीसह की डबीविना. छापलेल्या निकालात बरेचदा खरेदीदाराचा अधिभारही, म्हणजे बोलीवर लिलावगृहाला द्यायची जादा रक्कमही, धरलेला असतो. समजा १२,००० दिसतात आणि अधिभार २० टक्के आहे. तर हातोडा १०,००० वर पडलेला. विक्रेत्याचं कमिशन १० टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी गेला की तुमच्या हाती ८,८२०. विमा-टपाल वेगळं.

बाहेर पाठवायचा विचारच सोडा. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, खासगी माणसाला त्या निर्यात करता येत नाहीत. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळात विचारा. म्हणून युरोपचा भाव हा तुमचा भाव नव्हे. इथं फ्रेंच पदकांना गिऱ्हाईक थोडं. मुंबई किंवा बेंगळुरूच्या नाणे-लिलावातच द्या, आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, इथल्या निकालांच्या जरा खाली ठेवा. वर ठेवली आणि विकलं गेलं नाही, तर पुढच्या लिलावात तेच लोक त्याहून कमी बोलतात. फोटोत दोन्ही बाजू, कड, तो हिरवा डाग आणि कागद एवढं यायलाच हवं.