क्वेर्सेटिन पेशींवर चालते, मग शरीरात का चालत नाही?

प्रश्न (एमएससी_जैवरसायन): कांद्यातील क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतील संयुगांचा एक गट) ५० मायक्रोमोलर संहतीला (द्रावणातील प्रमाणाला) कर्करोगाच्या पेशी मारते, असे अनेक शोधनिबंधांत वाचले. तरीही त्याचे औषध का झाले नाही? पोटात गेल्यावर त्याचे नेमके काय होते, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर (औषधशास्त्र_शिक्षक): कांद्यात क्वेर्सेटिन सुटे नसते, ग्लुकोजला जोडलेले असते. दुधातील लॅक्टोज फोडणारे लहान आतड्याच्या अस्तरातील विकरच ही साखर तोडते आणि मोकळे झालेले क्वेर्सेटिन पेशीत शिरते; परंतु तिथेच, आणि पुढे यकृतात, त्याला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथिल गट जोडले जातात. त्यामुळे जेवणानंतर रक्तात मूळ रेणू जवळजवळ सापडतच नाही. सापडतात ती त्याची रूपांतरे, तीही सहसा एक मायक्रोमोलरच्या आत आणि बहुतांशी अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटलेली. प्रयोगशाळेत मात्र पेशींवर मूळ रेणूच ओततात. म्हणूनच असा निबंध हाती आला की मी निष्कर्षाआधी संहतीचा आकडा पाहतो.

जोडलेली साखर कोणती, यावरही बरेच अवलंबून असते. मोठे आतडे काढलेल्या स्वयंसेवकांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कांद्यातील सुमारे ५२ टक्के क्वेर्सेटिन शोषले गेले, तर रुटिन या, वेगळी साखर जोडलेल्या रूपातील केवळ १७ टक्के. एरवी रुटिन मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते, तेथील जिवाणू ते फोडतात आणि बराचसा भाग साध्या फिनॉलिक आम्लांच्या रूपात उरतो.

उत्तर (रसायन_मुलुंड): वरील विवेचनास आपल्याकडचे एक उदाहरण जोडतो. मुलुंडच्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात रोहिटुकिन या वनस्पतिज द्रव्यावरून फ्लॅव्होपिरिडॉल हे कृत्रिम फ्लॅव्होन घडवले गेले. गाईच्या गर्भाचे सीरम घातलेल्या माध्यमात ते प्रभावी दिसले, पण मानवी प्लाझ्मातील प्रथिने त्याला कितीतरी जास्त घट्ट धरतात, त्यामुळे ७२ तास सलग शिरेतून देऊनही मोकळे औषध पुरेसे उरत नव्हते. पुढे अर्ध्या तासात पहिला मोठा डोस आणि लगेच चार तास उरलेला, असा क्रम ठेवल्यावर दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत गाठी इतक्या झपाट्याने विरघळल्या की मूत्रपिंडांवरचा ताण हीच मोठी चिंता ठरली. रेणू तोच होता; बदलले ते केवळ देण्याचे गणित.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग उपचार चालू असताना अशा वनस्पतिज द्रव्यांच्या अर्कांच्या कॅप्सूल घेतल्याने निदान अपाय तरी होत नाही, असे म्हणता येईल का?

उत्तर (औषधशास्त्र_शिक्षक): तसे सरसकट म्हणता येणार नाही. ग्रीन टीमधील ईजीसीजी हेही फ्लॅव्होनॉइडच आहे. मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधातील बोरॉनयुक्त टोकाला ते थेट चिकटते, आणि पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांत त्याने औषधाचा परिणामच रोखला. चहाच्या कपापेक्षा अर्काच्या कॅप्सूलमध्ये त्याचे प्रमाण बरेच जास्त असू शकते, त्यामुळे रुग्ण काय घेत आहे ते कर्करोगतज्ज्ञाला आधी कळायला हवे.